पासबुकातली ओळ

तुमसर रोड हे रेल्वे स्थानक तुमसरात नाही, देव्हाडीत आहे. तुमसरात जे आहे ते तुमसर टाऊन. रेल्वेने हे नाव ठेवून कितीतरी पिढ्या झाल्या, पण त्या पायी तिकडच्या कुणाची गाडी चुकल्याचं ऐकिवात नाही. तिकीट तुमसर रोडचं काढायचं, ऑटोवाल्याला देव्हाडी सांगायचं. दोन नावं, एक फलाट, तक्रार शून्य. तिथून तिरोडीकडे जाणारी शाखा गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग करत मध्य प्रदेशात शिरते आणि याच टोकाच्या पट्ट्यात नाकाडोंगरी हे गाव आहे. इथे माणसं 'पाणी' लिहितात आणि 'पानी' पितात, कारण झाडीबोलीला ण आणि ळ चालत नाहीत. पण म्हणून कुणी घरात दोन माठ ठेवत नाही, एक पाण्याचा आणि एक पानीचा. नेमकं हेच शहाणपण संगणकाला नाही. ब्राउझरमधल्या ईमेलमध्ये पाठवलेल्या पत्रांचा फोल्डर 'सेंट मेल' असतो, टेबलावरच्या संगणकातला ईमेलचा प्रोग्राम स्वतःचा 'सेंट आयटम्स' उघडतो, मोबाइल आपला तिसरा 'सेंट' काढतो, आणि ग्रामपंचायतीने तालुक्याला पाठवलेलं एक पत्र तीन माठांपैकी कोणत्या माठात आहे हे शोधायला चौथा माणूस लागतो. या तिन्हींचा मेळ बसवण्याला 'सिंक करणे' म्हणतात. या क्रियापदावर आपण जो विश्वास टाकला आहे तो मला थोडा जास्त वाटतो.

गैरसमज साधा आहे आणि सभ्य आहे. सिंक म्हणजे पत्र दोन ठिकाणी असणं, असं आपण धरून चालतो. दोन ठिकाणी आहे म्हणजे एकीकडचं गेलं तरी दुसरीकडचं उरेल. हा विचार आपल्याला बँकेच्या पासबुकाने शिकवला आहे. पासबुक बँकेत नेऊन छापून आणायचं, मशीनमध्ये आडवं घालायचं, शाई पुसट असेल तर काउंटरवर कुरकुर करायची; पण पासबुक भिजलं, फाटलं, नातवाने त्यावर हत्ती काढला, तरी खात्यातला रुपया हलत नाही. पासबुक खात्याकडे बघतं, खात्याला आज्ञा देत नाही. सिंक केलेला ईमेलचा फोल्डर मात्र असं पासबुक आहे की ज्यातली एक ओळ खोडली तर बँकेतले तेवढे पैसे जातात. आणि बँकेत जाऊन ती ओळ दुसऱ्या कुणी खोडली, तर घरी कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या पासबुकातूनही ती रात्रीतून नाहीशी होते. असं पासबुक कुणी हातात दिलं तर नाकाडोंगरीतला शेतकरी ते दोन बोटांनी धरून परत करील. संगणकावर दिलं की आपण धन्यवाद म्हणतो.

हे असं का झालं, हे पाहायला थोडं मागे जावं लागतं. ईमेल संगणकावर आणण्याची जुनी रीत 1984 साली ठरली, तिचं नावच 'पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल', म्हणजे पॉप. तिची अजून चालू असलेली तिसरी आवृत्ती 1988 ची. नाव सार्थ होतं. पोस्टमन पत्र देतो आणि त्याची झेरॉक्स डाकघरात ठेवत नाही. पॉपही पत्र सर्व्हरवरून उचलून संगणकात टाकायचं आणि मागची जागा पुसून घ्यायचं. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा फोनच्या तारेवरून, मिनिटागणिक पैसे मोजत जोडणी व्हायची. त्या दिवसांत पॉप म्हणजे संसारी माणसाला शोभणारी रीत होती: फोन लाव, टपाल ओढ, फोन ठेव, मग निवांत वाच. दोष एकच. टपाल ज्या संगणकात आलं त्याचंच झालं. तो संगणक बिघडला, किंवा सरकारी शब्दांत 'निर्लेखित' होऊन कोपऱ्यात गेला, की पत्रंही त्याच्याबरोबर सती जायची. यावर तोडगा म्हणून प्रत काही दिवस सर्व्हरवर ठेवायची सोय आली, आणि आउटलुकच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ती मुदत आपोआप चौदा दिवसांची धरलेली असते. तेरावं उरकल्यावर चौदाव्या दिवशी पाठवणी करावी, हे तिकडच्या अभियंत्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

दुसरी रीत 1986 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी काढली. तिचं नाव आयमॅप. तिचा विचार असा, की पत्रं सर्व्हरवरच राहोत, फोल्डरही तिथेच राहोत, आणि माणसाने कुठूनही येऊन त्यांत वावरावं. म्हणजे संगणकात येतं ते पत्र नव्हे, पत्राकडे उघडणारी खिडकी. खिडकीतून हात घालून आतलं सामान हलवता येतं, एवढंच तिचं वैशिष्ट्य. कागदाच्या दुनियेत महाराष्ट्रातल्या कारकुनाला ही कल्पना नवी नाही. आपल्याकडे सरकारी टेबलावर सहा गठ्ठे पद्धत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली: प्रलंबित प्रकरणं एका गठ्ठ्यात, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन प्रकरणं दुसऱ्यात, मग नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि शेवटी नष्ट करायचे. लाल फडक्यात बांधलेले हे सहा फोल्डरच. प्रत्येक कागदावर अ, ब, क, ड असा वर्ग; अ म्हणजे कायम जतन, ड म्हणजे वर्षभराचा पाहुणा. साहेबाने कोणताही गठ्ठा सोडला तरी आत काय असणार हे त्याला आधीच ठाऊक असायचं, आणि गठ्ठा एकच असल्याने साहेबाला दिसतो तो आणि कारकुनाला दिसतो तो यांत फरक पडायचा प्रश्नच नव्हता. आयमॅपने ही शिस्त यंत्राला शिकवली, याबद्दल तिचं कौतुकच केलं पाहिजे. फरक इतकाच, की सहावा गठ्ठा जाळायचा तर त्याची यादी व्हायची, यादीवर सही व्हायची, सही करणारा रजेवर असायचा, आणि या रजेच्या कृपेने कितीतरी इतिहास वाचला आहे. आयमॅपमध्ये साहेब रजेवर जात नाही.

तरी न्यायाने सांगायचं तर आयमॅपही पत्र एका फटक्यात मारत नाही. डिलीट दाबलं की मूळ नियमाप्रमाणे पत्रावर फक्त 'नष्ट करायचं' अशी खूण होते. जुन्या प्रोग्रामांत अशा पत्रावर आडवी रेघ दिसायची, मुडद्यावर चादर घातल्यासारखी. खरी विल्हेवाट 'एक्सपंज' नावाच्या वेगळ्या आज्ञेने लागते. म्हणजे खूण वेगळी, दहन वेगळं; आपल्या क्रियाकर्माशी जुळणारी पद्धत. पण लोकांना ती रेघ आवडेना, म्हणून पुढच्या प्रोग्रामांनी पत्र मुकाट्याने कचऱ्याच्या फोल्डरात हलवायला सुरुवात केली आणि तो फोल्डर ठरावीक दिवसांनी आपोआप रिकामा होऊ लागला. आता असं समजा की ग्रामपंचायतीच्या एकाच ईमेल खात्यावर तीन जण बसतात: ग्रामसेवक कार्यालयातल्या संगणकावर, संगणक परिचालक ब्राउझरमध्ये, आणि कुणीतरी उत्साही पदाधिकारी मोबाइलवर. 'मोबाइलची जागा भरली' असा संदेश येताच तिसऱ्याने अंगठ्याने शंभर पत्रं साफ केली, तर ती पहिल्या दोघांच्याही समोरून जातात. चोरी नाही, आग नाही, उंदीर नाहीत. सिंकने आपलं काम चोख बजावलं आहे. पुढे माहितीच्या अधिकारात कुणी त्यातलं एक पत्र मागितलं, की 2005 च्या कायद्याप्रमाणे 30 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. त्याच सालचा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमही आहे, आणि त्यात सरकारी अभिलेख नियमाबाहेर नष्ट करणाऱ्याला कैदेची तरतूद आहे. अंगठ्याला कैद कशी द्यायची, यावर न्यायशास्त्राने अजून विचार केलेला दिसत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. एवढा उपद्व्याप हवाच कशाला? टेबलावरचा प्रोग्राम काढून टाका, ब्राउझर उघडा, जे आहे ते सर्व्हरवर बघा. एकच गठ्ठा, वाद मिटला. हा सल्ला देणारा माणूस बहुधा पुण्यात बसलेला असतो. नाकाडोंगरीत त्याला विचारावं, लाईन गेल्यावर काय? (आमच्या विदर्भात वीज जात नाही, लाईन जाते, ती कुठे जाते हे कुणी विचारत नाही.) गंमत अशी, की शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारं मँगनीज डायऑक्साइड सुक्या बॅटऱ्यांत वापरलं जातं. म्हणजे देशाच्या टॉर्चला उजेड पुरवणारा हा पट्टा, आणि स्वतःचं टपाल वाचायला मात्र राऊटरचा हिरवा दिवा लागायची वाट पाहायची. गावाला वनपरिक्षेत्राचं कार्यालय आहे, भोवती जंगल आहे, पलीकडे दुसरं राज्य आहे. रानात शिरलेल्या माणसाचा मोबाइल कधी महाराष्ट्राचा असतो, कधी मध्य प्रदेशाचा, आणि बराच वेळ कुणाचाच नसतो. अशा जागी पत्र आधी उतरवून ठेवणारा, नेट नसताना वाचू देणारा आणि नेट आलं की उत्तरं धाडणारा प्रोग्राम ही चैन नाही, शिदोरी आहे. सिंकविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. शिदोरीला कोठार समजण्याविरुद्ध आहे.

दुसरा आक्षेप वॉट्सॲपचा. त्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. पत्राचा तिरपा फोटो, त्यावर कुणाच्या तरी अंगठ्याची सावली, खाली अकरा जणांचे जोडलेले हात आणि बाराव्याचा 'सुप्रभात' – या गठ्ठ्याला कोणता वर्ग द्यायचा, अ की ड, हे ज्याला ठरवता येईल त्याने हा आक्षेप पुढे चालवावा.

तिसरा आक्षेप सूक्ष्म आहे: दोष सिंकचा नाही, वापरणाऱ्याचा, फोल्डर नीट लावले तर सगळं नीट चालतं. इथे पुन्हा देव्हाडीला यावं लागतं. सिंक आज्ञाधारक आहे, पण नावापलीकडचा अर्थ त्याला कळत नाही. 'सेंट' आणि 'सेंट आयटम्स' एकच आहेत हे सर्व्हरने प्रोग्रामला खुणेने सांगावं, असा नियम व्हायला 2011 साल उजाडलं, म्हणजे आयमॅपचा जन्म झाल्याला पंचवीस वर्षं झाली होती. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रातला 'बुद्रुक' आणि इकडचा 'बुजुर्ग' हे एकाच फारसी शब्दाचे दोन अवतार. गावकऱ्यांनी ते बिनतक्रार वापरले, यंत्राने वापरले असते तर महाराष्ट्रात दुप्पट गावं झाली असती. त्यात काही सर्व्हरांवर फोल्डरच्या नावातलं टिंब म्हणजे 'याच्या पोटात' असा अर्थ होतो. आता मराठी कार्यालय टिंबाशिवाय श्वास घेऊ शकतं का? 'जा.क्र.' अशा नावाचा फोल्डर काढायला जावं, तर यंत्र 'जा' नावाच्या फोल्डरच्या पोटात 'क्र' काढायला बघतं, आणि शेवटच्या टिंबापाशी थबकून विचारतं, याच्या पोटात काय? कारकुनाला वाटतं यंत्र आपल्याला 'जा' म्हणतंय. पूर्ण देवनागरीत 'आवक' असं नाव द्यावं तर जुन्या नियमाप्रमाणे तारेवरून जाताना त्या नावाची रोमन अक्षरांची गिचमिड होते, आणि दोन्ही टोकांना ती उलगडणारा शहाणा असेल तरच ती पुन्हा 'आवक' होते. एक टोक अडाणी निघालं तर फोल्डर त्या गिचमिडीच्याच नावाने आयुष्य काढतो. नावं सरळ देवनागरीत पाठवायची सोय मूळ नियमांतच घेतली गेली ती 2021 च्या आवृत्तीत.

जीमेलची तऱ्हा आणखी वेगळी. 1 एप्रिल 2004 ला तो आला तेव्हा एक गिगाबाइट जागा फुकट, हे वाचून लोकांना एप्रिल फूल वाटलं होतं. त्याने फोल्डर ही कल्पनाच मोडीत काढली आणि चिठ्ठ्या आणल्या: पत्र एकच, त्यावर हव्या तेवढ्या चिठ्ठ्या चिकटवा. कल्पना चांगली, पण 2007 मध्ये त्याने आयमॅप सुरू केलं आणि या चिठ्ठ्या टेबलावरच्या प्रोग्रामला फोल्डर म्हणून दिसू लागल्या. एकच पत्र इनबॉक्समध्ये, तेच तारांकितात, तेच महत्त्वाच्यात आणि तेच 'ऑल मेल'मध्ये. रेशनकार्डात, मतदारयादीत आणि जॉबकार्डात नाव असलेला एकच माणूस यंत्राने तीन माणसं म्हणून मोजावा, तसं. आणि यातल्या एका जागेवरून ते काढलं की नेहमीच्या मांडणीत फक्त चिठ्ठी निघते, पत्र 'ऑल मेल'मध्ये जिवंत. म्हणजे इतर ठिकाणी डिलीट केलेलं पत्र सगळीकडून जातं, आणि इथे जावं म्हणून डिलीट केलेलं जात नाही. दोन्हींना सिंकच म्हणतात. 'वापरणाऱ्याने नीट लावावं' म्हणणाऱ्याने एवढं सांगावं, की नीट म्हणजे यांपैकी कोणतं.

आणि सगळं नीट लावलेलं असतानाही एक प्रसंग येतो. सर्व्हर प्रत्येक फोल्डरातल्या पत्रांना क्रमांक देतो, आणि संगणकातला प्रोग्राम त्या क्रमांकांच्या भरवशावर आपल्याकडची प्रत ओळखतो. काही कारणाने, समजा खातं दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं म्हणून, सर्व्हरने जाहीर केलं की आता जुने क्रमांक रद्द, तर नियम असा की प्रोग्रामने स्वतःजवळची त्या फोल्डरची सगळी साठवण टाकून द्यायची आणि पहिल्यापासून पुन्हा उतरवून घ्यायची. ज्यांनी एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आलेले पाहिले, त्यांना ही यातना समजावून सांगायला नको: जमीन तीच, बांध तोच, बांधावरचं भांडणही तेच, पण सगळे कागद नव्याने. तरी तिथे जुना कागद पेटीत जपून ठेवता येत होता, आणि कोर्टात तो कामाला यायचा. इथे यंत्र आधी जुना कागद फाडतं, मग नव्याच्या रांगेत उभं राहतं, आणि रांग नाकाडोंगरीच्या नेटची असते.

दोन टोकांचा मेळ ठेवायचाच तर रेल्वेकडून शिकावं, असं मला वाटतं. एकेरी मार्गावर जुन्या टोकन पद्धतीत दोन स्थानकांच्या दोन यंत्रांत लोखंडी गोळे असायचे. एक गोळा बाहेर निघाला की दोन्ही यंत्रं बंद. तो गोळा दुसऱ्या टोकाला पोचून यंत्रात पडेपर्यंत तिसरा माणूस काही करू शकत नसे. ड्रायव्हरच्या हातात गोळा नसेल तर गाडी हलायची नाही, मग आत मंत्री बसलेला असो. या पद्धतीत वेग नव्हता, पण एकाच रुळावर दोन सत्यं समोरासमोर येत नव्हती. आयमॅपने सगळ्यांना एकाच वेळी हात घालायची मुभा दिली, गोळा कुणाच्याच हातात ठेवला नाही, आणि शेवटचा हात ज्याचा त्याचं खरं असं ठरवलं. लग्नघरातल्या आचाऱ्याला विचारा, शेवटच्या हाताने घातलेल्या मिठाचं काय होतं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, की सिंक चालू द्यावं, पण त्याच्या जोडीला एक सातवा गठ्ठा ठेवावा. सरकारी मराठीत त्याला जुना, देखणा शब्द आहे: स्थळप्रत. पत्र बाहेर गेलं तरी कार्यालयात जी राहते ती. थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रामात 'लोकल फोल्डर्स' म्हणून जागा असते, आउटलुकमध्ये वेगळी फाइल करता येते. ती सर्व्हरशी बोलत नाही, त्याची आज्ञा ऐकत नाही आणि त्याला आज्ञा देतही नाही. महिनाअखेरीला जमाखर्चाचा ताळमेळ घालतात त्याच दिवशी अ आणि ब वर्गाची पत्रं तिथे नक्कल करून ठेवावीत. नक्कलच, ओढून नेऊन टाकली तर सर्व्हरवरून ती हलतील आणि पुन्हा पॉपची कथा सुरू होईल. आणि त्या फाइलची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर, कुलपात. यावर शेवटचा आक्षेप तयारच आहे: म्हणजे कामं दुप्पट. होय, दुप्पट. तलाठ्याचं दप्तर एक आणि तहसिलीतलं दुसरं, हेही दुप्पटच होतं. दोघांत फरक निघाला की भांडण व्हायचं, आणि भांडण झालं म्हणूनच फरक आहे हे कळायचं. सिंकमध्ये फरक राहतच नाही, त्यामुळे काय गेलं हे विचारायलाही कुणी उरत नाही.

पहिल्या महिन्यात कारकून कुरकुरेल. पण हा गठ्ठा सर्व्हरवर जात नसल्यामुळे तिथल्या टिंबाचा कायदा इथे लागू नाही, हे त्याला हळूच सांगावं. फोल्डरचं नाव 'स्थ.प्र.जा.क्र.ग्रा.पं.ना.डों.' असं खुशाल ठेवता येतं, आणि यंत्र त्याला 'जा' म्हणत नाही.